मानांकन पुढच्या बाजूला, घटक मागच्या बाजूला

वाचकांचे प्रश्न : आहार

या वेळी आलेल्या पत्रांत सांगली, मिरज, सातारा आणि कऱ्हाड येथील नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची पत्रे बरीच आहेत आणि त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून ती एकाच अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या होस्टेलवर सध्या ‘जीआय टॅग’ म्हणजे भौगोलिक मानांकन असलेले पदार्थ आणण्याची लाट आली आहे. सांगलीचे बेदाणे, कोल्हापूरचा गूळ, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जॅम हे पदार्थ सरकारने प्रमाणित केलेले असल्यामुळे आरोग्याला चांगलेच असणार, असे मैत्रिणींचे म्हणणे आहे. हे मानांकन म्हणजे पौष्टिकतेची हमी असते का?
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : नसते. भौगोलिक मानांकन एवढेच सांगते की अमुक नावाने विकला जाणारा माल अमुक प्रदेशातला आहे आणि त्याचे काही गुण किंवा त्याचा लौकिक त्या प्रदेशाच्या मातीशी, हवेशी किंवा तिथल्या लोकांच्या कौशल्याशी जोडलेला आहे. त्यासाठीचा कायदा १९९९ साली झाला, तो सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला आणि त्याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते. हा कायदा बौद्धिक संपदेचा आहे. दुसऱ्या कुठला तरी माल सांगलीचा म्हणून कोणी विकू नये आणि खऱ्या उत्पादकाच्या तोंडचा घास जाऊ नये, हा त्याचा हेतू. खाणाऱ्याच्या रक्तातील साखरेशी किंवा वजनाशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्या भागाला अशी मानांकने चांगलीच मिळाली आहेत आणि त्यांचा अभिमान वाटणे योग्यच आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगाव भागातील वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये, तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. तिच्यात फळ आहे, कडधान्य आहे, मसाला आहे, सुकवलेले फळ आहे आणि शुद्ध गोड पदार्थही आहे. या पाचही पदार्थांना आहारात सारखेच स्थान देता येईल असे पोषणशास्त्र शिकलेले कोणीही म्हणणार नाही, आणि तुम्ही तर ते पहिल्याच वर्षी शिकला आहात.

आता एकेक पाहू. शंभर ग्रॅम बेदाण्यांतून सुमारे तीनशे किलोकॅलरी मिळतात आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असतो. ही साखर द्राक्षाचीच आहे, वरून घातलेली नाही, शिवाय बेदाण्यात तंतूही असतात. म्हणून पंधरा-वीस बेदाणे खाणे हा चांगलाच नाश्ता आहे. पण अभ्यास करता करता सव्वाशे ग्रॅमची पिशवी रिकामी झाली, तर पिशवीवर काय छापले आहे याला काही अर्थ उरत नाही. बेदाण्याबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. पिवळाधमक रंग टिकावा म्हणून काही बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात. या धुरीमुळे बेदाण्यात राहणाऱ्या सल्फाइटचे प्रमाण किलोमागे दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर पाकिटावर तसे जाहीर करणे बंधनकारक आहे. ज्या मैत्रिणीला दमा आहे तिने ही ओळ जरूर शोधावी, कारण काही दमेकऱ्यांना सल्फाइटमुळे त्रास होतो.

गुळाबद्दल आपल्याकडे इतका जिव्हाळा आहे की त्याविषयी परखड लिहिले की रागावलेली पत्रे येतात, तरीही लिहिते. गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत म्हणण्यासारखा फरक नाही. गुळात थोडी खनिजे असतात, चव अधिक असते, आणि शाळूची भाकरी, तूप व गूळ यांची जोडी मलाही फार आवडते. पण चहात साखरेऐवजी दोन चमचे गूळ घातला म्हणजे गोड कमी झाले, असे होत नाही.

सर्वांत जास्त फसगत जॅमच्या बाटलीत होते. महाबळेश्वरचे मानांकन स्ट्रॉबेरी या फळाला आहे. जॅममध्ये फळांचे प्रमाण किमान ४५ टक्के असावे असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, मात्र स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी यांच्या जॅमला त्यातून सूट आहे आणि तिथे २५ टक्के फळ पुरते. शिवाय विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात आणि ते मुख्यतः साखरेचेच असतात. म्हणजे पोळीवर वीस ग्रॅम जॅम पसरला, तर बारा-तेरा ग्रॅम साखर पोटात गेली. ताजी स्ट्रॉबेरी मात्र निःशंकपणे खावी. हंगामात ती साताऱ्याच्या बाजारात सहज मिळते आणि तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर असते.

तेव्हा होस्टेलवर नवी सवय लावायचीच असेल, तर पाकीट हातात आल्यावर आधी ते उलटे करण्याची लावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे बंधनकारक असते. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप, मैदा किंवा पामतेल असेल, तर पुढच्या बाजूचे चित्र विसरावे. त्यानंतर पोषणमूल्यांच्या तक्त्यातील ‘एकूण साखर’ आणि ‘अतिरिक्त साखर’ या दोन वेगळ्या ओळी पाहाव्यात. फळाची किंवा दुधाची स्वतःची साखर पहिल्या ओळीत मोजली जाते, वरून घातलेली साखर दुसऱ्या ओळीत कळते. दिवसाच्या गरजेची टक्केवारी छापताना २००० किलोकॅलरी, ५० ग्रॅम अतिरिक्त साखर, ६७ ग्रॅम चरबी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे आकडे आधाराला धरलेले असतात. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ किती ते कळते. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ. झटपट नूडल्सच्या पाकिटावर हा गुणाकार एकदा करून पाहावा. सुटी भडंग, फरसाण आणि बेकरीचे खारे यांवर तक्ता नसतो, तिथे जिभेवरच विसंबावे लागते.

प्रश्न : महोदया, कॉलेजच्या आरोग्य तपासणीत माझे हिमोग्लोबिन १०.४ आले. घरचे म्हणतात, गोळ्या नकोत, त्या गरम पडतात. त्यापेक्षा रोज मूठभर बेदाणे आणि गुळाचा खडा खा. मला वॉर्डात चक्कर आल्यासारखे होते. काय करावे?
— जीएनएम (नर्सिंगची पदविका) विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : घरच्यांची काळजी खरी आहे, हिशेब मात्र जुळत नाही. तो करून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. मूठभर बेदाणे म्हणजे तीसेक ग्रॅम, त्यांतून मिळणारे लोह फार तर दोन मिलिग्रॅमच्या आसपास. गुळातील लोहाचे प्रमाण बनवण्याच्या पद्धतीप्रमाणे कमीजास्त होते, पण खडाभर गुळातून एक मिलिग्रॅमसुद्धा मिळेल की नाही, शंकाच आहे. शिवाय वनस्पतिजन्य लोहाचा अगदी थोडा भाग शरीर शोषून घेते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की तो रक्तक्षय धरतात, हे तुम्हाला माहीत आहे, १०.४ ही पातळी केवळ खाण्याने लवकर भरून येणारी नाही आणि चक्कर येत असेल तर थांबण्यातही अर्थ नाही. डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे, सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. गोळीने मळमळ किंवा बद्धकोष्ठ होत असेल, तर गोळी परस्पर बंद न करता तसे डॉक्टरांना सांगावे, वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलता येतो. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंत आहेत का, हेही पाहावे लागेल, कारण मूळ कारण तसेच राहिले तर गोळ्या संपताच हिमोग्लोबिन पुन्हा उतरते.

तुम्ही एकट्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. उद्या गावोगावी ज्या स्त्रियांना तुम्ही या गोळ्या घ्यायला सांगणार आहात, त्यांच्यात आज तुमचाही समावेश आहे, एवढे घरच्यांना समजावून सांगा.

आहाराचे काम गोळ्यांच्या जोडीने चालू ठेवायचे. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, म्हणजे थंडीत मेसमध्ये बाजरीची भाकरी असेल तर ती आवर्जून घ्यावी. माण-खटाव भागातील बाजरीला मानांकन नाही म्हणून तिच्यातील लोह काही कमी होत नाही. मटकीची किंवा चवळीची उसळ, पालेभाजी, तीळ, अळीव हे सारे उपयोगाचे आहेत. मांसाहार चालत असेल तर मटण, मासे यांतील लोह अधिक चांगले शोषले जाते. उसळीवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह शोषले जाण्यास मदत होते. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहातील टॅनिन लोहाला अडवते, म्हणून जेवण किंवा गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे. होस्टेलवर सकाळची पोळी चहात बुडवून खाण्याची पद्धत आहे. ती निदान गोळ्या चालू असेपर्यंत सोडावी.

प्रश्न : स. न. आमच्या ट्यूटर मॅडमनी ‘माइंडफुल इटिंग’वर तास घेतला. प्रत्येक घास सावकाश, लक्षपूर्वक खावा, असे सांगितले. पण वॉर्डात पोस्टिंग असताना आम्हाला डबा खायला दहा मिनिटे मिळाली तरी नशीब. नाइट ड्युटीत तर पहाटे तीनला जे मिळेल ते खातो आणि सकाळी खोलीवर येऊन पुन्हा जेवतो. सहा महिन्यांत माझे वजन वाढले आहे. असे सजगपणे खाणे आमच्यासारख्यांना कसे जमणार?
— नर्सिंग विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमची अडचण अगदी रास्त आहे. या विषयावरचे बरेचसे लिखाण ज्यांना जेवायला निवांत अर्धा तास मिळतो अशा लोकांनी, तशाच लोकांसाठी केलेले असते.

आधी या पद्धतीच्या उगमाबद्दल थोडेसे, कारण त्यात सांगलीकरांना गंमत वाटेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये ताण कमी करण्यासाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील सुरुवातीचा प्रसिद्ध सराव एका बेदाण्यावर आहे. बेदाणा तळहातावर घ्यायचा, त्याच्या सुरकुत्या पाहायच्या, बोटांनी चाचपायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग हळूहळू चावायचा. तासगावच्या सौद्यात पेटीतला बेदाणा उचलून निरखणाऱ्या व्यापाऱ्याला हे शिकवायची गरज पडणार नाही, फक्त तो भाव ठरवण्यासाठी पाहतो आणि इथे आपण काय खातो आहोत हे जाणून घेण्यासाठी पाहायचे. होस्टेलच्या खोलीत बेदाणे आहेतच, तर एका सुटीच्या दिवशी हा सराव करून पाहा. एका बेदाण्यात किती गोडी असते हे कळले, की मूठ आपोआप लहान होते.

वॉर्डात मात्र प्रत्येक घासाचे ध्यान करणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नाही. दहा मिनिटे असतील तर त्यांतील पहिली दोन नीट वापरावीत. हात धुऊन बसावे, उभ्याने खाऊ नये, मोबाइल खिशातून काढू नये आणि पहिले चार-पाच घास पूर्ण चावून, चव घेऊन खावेत. पुढचे जेवण मग पुष्कळदा आपोआप संथ होते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात, त्यामुळे घाईच्या जेवणानंतर ‘अजून थोडे हवे’ असे वाटते ते बहुतेक वेळा खोटे असते. अशा वेळी डबा बंद करून पाणी प्यावे आणि वॉर्डात परतावे. तासाभरानेही भूक असेल तर ती खरी भूक समजावी आणि फळ किंवा फुटाणे खावेत.

नाइट ड्युटीला खरा प्रश्न सजगतेपेक्षा वेळेचा आहे. मध्यरात्रीनंतर शरीर खाल्लेली साखर दिवसाइतक्या कार्यक्षमतेने हाताळू शकत नाही आणि पचनही मंदावलेले असते. तेव्हा मुख्य जेवण ड्युटीवर जाण्यापूर्वीच करावे : दोन भाकऱ्या किंवा पोळ्या, उसळ किंवा वरण, भाजी, ताक. मध्यरात्रीच्या सुमारास मूठभर फुटाणे-शेंगदाणे, एखादे केळे किंवा उकडलेले अंडे पुरते. पहाटे तीन-चारच्या सुमारास जे खावेसे वाटते त्यात झोपेचा वाटा मोठा असतो. वडापाव किंवा क्रीमची बिस्किटे समोर आली तर हात पुढे करण्यापूर्वी मला भूक लागली आहे की डोळे मिटताहेत, एवढे स्वतःला विचारावे. चहा-कॉफी रात्री दोननंतर टाळावी, कारण कॅफिनचा अंमल बरेच तास राहतो आणि सकाळी नऊला झोप लागत नाही. खोलीवर आल्यावर उपाशी झोपू नये, पण दुसरे जेवणही करू नये. थोडे पोहे किंवा दूध घेऊन झोपावे आणि उठल्यावर जेवावे.

एक खुलासा करणे आवश्यक वाटते. सजगपणे खाणे हा वजन उतरवण्याचा कार्यक्रम नाही. त्याच्या नावाखाली काही मुली घास मोजू लागतात, जेवण टाळतात, जेवल्याबद्दल स्वतःला दोष देतात. असे होत असेल, किंवा एकदम खूप खाणे आणि नंतर उलटी काढणे असे प्रकार घडत असतील, तर ही शिस्त नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांची किंवा समुपदेशकांची मदत घ्यावी. नर्सिंग शिकणाऱ्यांना हे ओळखता येते, फक्त स्वतःच्या बाबतीत कबूल करणे जड जाते.

प्रश्न : मी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला असून जिमला जातो. वजन ६० किलो. जिममधील दादा प्रोटीन पावडर घ्यायला सांगतात. डबा महाग आहे. घ्यावा का?
— एक विद्यार्थी, कऱ्हाड

उत्तर : निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. दिवसभरात अडीचशे ग्रॅम धान्य, वाटी-दीड वाटी घट्ट वरण आणि एक वाटी उसळ, दीड ग्लास दूध किंवा दही आणि एक अंडे एवढे पोटात गेले, की ही गरज भागते. जिममुळे गरज थोडी वाढते, तिथे आणखी एक अंडे आणि मूठभर शेंगदाणे. मेसचे वरण पातळ असते ही तुमची तक्रार असणार आणि ती खरी असू शकते. तेव्हा डब्याचे पैसे अंडी, दूध आणि फुटाण्यांवर खर्च करावेत.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी सांगलीत नर्सिंगला आहे. आमच्या शेतातला वाघ्या घेवडा तिला फार आवडतो. तिला खोलीवर छोटा विजेचा कुकर वापरायची परवानगी आहे. घेवडा पाठवला तर चालेल का, की पचायला जड होईल?
— एक आई, कोरेगाव तालुका

उत्तर : अवश्य पाठवा. घेवड्याच्या जातीच्या कडधान्यांत शंभर ग्रॅम सुक्या दाण्यांमागे वीसेक ग्रॅम प्रथिने आणि भरपूर तंतू असतात, आणि घरच्या घेवड्याला कोणाच्या शिक्क्याची गरजही नाही. मात्र मुलीला शिजवण्याची पद्धत नीट सांगा. घेवडा-राजम्याच्या कच्च्या दाण्यांत लेक्टिन नावाचे द्रव्य असते आणि अर्धवट शिजलेले दाणे पोटात गेले तर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. दाणे रात्रभर भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात दाणा बोटांनी सहज चिरडला जाईपर्यंत शिजवावेत. तिचा कुकर शिट्टीचा असेल तर उत्तम. केवळ भातासाठीचा, मंद उष्णतेचा कुकर असेल तर त्यात घेवडा शिजवू नये. सुटीला घरी आल्यावर करून घालावा आणि खोलीवर शिजवायला मूग-मटकी द्यावी. सुरुवातीला एका वेळी अर्धी वाटी उसळ पुरे, सवय झाली की वाढवता येते. फोडणीत हिंग आणि आले घातल्यास गॅसचा त्रास कमी जाणवतो, असा अनेक घरांतला अनुभव आहे.